काळी माती बाजूला

फोन उचलला तेव्हा पलीकडचा माणूस धापा टाकत होता. रस्त्याच्या मातीत माणूस सापडलाय, म्हणाला. बाईंनी विचारलं, जिवंत की मेलेला? पलीकडून आवाज आला, "हाडंच आहेत, बाई."

पोलीस ठाण्यात त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागं तोफबाई. दुसरं नाव त्यांच्या कानावर होतं, पण त्याबद्दल त्यांनी कधी कुणाला झापलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या सकाळी तर चहाही झाला नव्हता.

जीप हवालदार चालवत होते. पाऊस नुकताच ओसरला होता. हवालदारांना गप्प बसवत नाही, त्यामुळे वाटेत त्यांनी रस्त्याचं कौतुक सुरू केलं. हा रस्ता मुकादम मामांचा, पोटातलं पाणी हलत नाही. मामांनी केलेला रस्ता बसत नाही अशी त्यांची ख्याती. फक्त त्या एका वळणावर खळगा पडतो. दरवर्षी भरतात, दरवर्षी बसतो. देखण्या पोराला तीट लावावी तसा तो खळगा. गाड्या तिथं हळू होतात, म्हणून लिंबूवाली तिथंच टोपली मांडून बसते आणि तिचा धंदा बरा चालतो.

"आज तोच खळगा फुटलाय ना?" बाईंनी विचारलं.

"तोच. पाऊस अर्धी कड घेऊन गेला."

वळणावर गर्दी होती. बाईंनी उतरल्या उतरल्या पहिली तोफ गर्दीवर डागली आणि माणसं पांगली. रस्त्याची एक बाजू खचून नाल्यात गेली होती. भगदाडाच्या तळाशी मोठ्या दगडांचा थर नीट रचलेला होता आणि त्यावर पिवळ्या मुरमाची एक ट्रॉली रिकामी केलेली होती. त्या मुरमात हाडं होती, एक कवटी होती आणि चामड्याचा एक बूट. बुटाची नाडी अजून बांधलेली होती.

मुकादम मामा बाजूला बसले होते, खांद्यावर टॉवेल, मान खाली. पिकल्या केसांचा, सुकलेला माणूस. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. जवळच एक तरुण अभियंता उभा होता. शर्टाची इस्त्री चिखलातही मोडली नव्हती.

मामांनी सांगितलं ते असं. पावसाचा रंग बघून ते उजाडताच वळणावर आले. रस्ता तुटलेला. त्यांनी लाल निशाणं लावली, अभियंत्याला फोन केला, माणसं बोलावली. मुरूम लिंबूवालीच्या शेतातून काढला. पहिली ट्रॉली ओतली, माणसं पसरायला लागली आणि फावड्याखाली कवटी आली.

"ट्रॉली कुणी चालवली?"

"मीच. ड्रायव्हरला डिझेलला पाठवलं होतं."

"खालचे दगड कुणी रचले?"

उत्तर मजुरांपैकी एकानं दिलं, आणि तेही अभिमानानं. ते आले तेव्हा मामांनी एकट्यानं दगड रचूनही टाकले होते. या वयात. हवालदारांनी मान हलवून दाद दिली.

बाईंनी हातमोजा घालून बूट उचलला आणि उलटा केला. काहीच पडलं नाही. आत करडी कच गच्च बसलेली होती, खडी फोडताना निघते ती. हवालदार म्हणाले, रस्त्यावर पडलेला बूट, कच लागायचीच. बाई हूं म्हणाल्या आणि बूट पिशवीत घातला. दुसरा बूट शोधायला सांगितलं. तो काही सापडला नाही.

"लिंबूवालीला विचारून माती काढलीत?"

आता अभियंत्याला कंठ फुटला. "बाई, कायद्यानं आम्हाला तसा अधिकार आहे. सार्वजनिक रस्ता राखायला लगतच्या खासगी जमिनीत शिरता येतं, माती-मुरूम काढता येतो. एरवी आधी नोटीस द्यावी लागते. पण रस्ता तुटला असेल तर नोटिशीचीही गरज नाही. भरपाई मागाहून."

"कुठल्याही जमिनीतून?"

"बाग, विहीर आणि घराचं अंगण वगळून. हा तर पडीक कोपरा, मामांनी फोनवर सांगितलं, मी बरं म्हटलं."

वळणाला लागूनच एक माळ होता. उघडा, मुरमाचा, कुसळांशिवाय काही न उगवणारा. लिंबूवालीचं शेत त्याच्या पलीकडे. बाईंनी माळाकडं बोट दाखवलं आणि मामांना विचारलं की हाताशी असलेला मुरूम सोडून लांब का गेलात. मामा म्हणाले, माळाचा मालक भांडखोर आहे, लगेच वकील आणतो. ताई काही बोलणार नाही.

"म्हणजे जो भांडतो त्याची माती पवित्र," बाई म्हणाल्या. "आणि जी गप्प बसते तिच्या घरावर नांगर. छान कायदा आहे."

अभियंत्यानं कायद्यात असं काही नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा बघून मिटलं.

शेतात लिंबूवाली खड्ड्याच्या काठावर उभी होती. पदर खोचलेला, हातात उपटलेलं लिंबाचं झाड, मुळांसकट. कोपऱ्यातली सगळी रांग आडवी झाली होती. तिची तरणी मुलगी तिला धरून होती. ही मुलगी शिलाईच्या कारखान्यात कामाला जायची. आज तिनं खाडा केला होता. हाडांची बातमी अजून दोघींपर्यंत पोचली नव्हती. लिंबूवालीनं गणवेश पाहिला आणि सुटली.

"आलात? आता या. सकाळी सकाळी यंत्र घालून झाडं पाडली, तेव्हा कुठं होता? फुलावर आलेली झाडं ही. विचारलं कुणी मला? मामा उभे राहून सांगतात, ताई, रस्ता तुटलाय, कायदा आहे. कायदा काय फक्त माझ्याच दारातनं जातो?"

बाईंनी तिला बोलू दिलं. रागाचा माणूस रागाला ओळखतो. त्या खड्ड्यात उतरल्या. भिंती सरळ होत्या. वर गुडघाभर काळ्या मातीचा पट्टा आणि त्याखाली एकसलग पिवळा मुरूम. त्यांनी मजुराची पहार घेऊन मुरमावर मारली. पहार टणकन उलटली आणि हाताला झिणझिण्या आल्या. खड्ड्याबाहेर काळ्या मातीचा ढीग लावलेला होता आणि वर ताडपत्री टाकून कडांना दगड ठेवले होते. एवढ्या घाईत एवढी निगा, हे बाईंच्या डोळ्यांत राहिलं.

मग वर येऊन त्यांनी पिशवीतला बूट दाखवला.

लिंबूवालीच्या हातातलं झाड खाली पडलं. तिनं नाडीच्या गाठीकडं बोट दाखवलं. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. तसं फक्त तिचा नवरा बांधायचा, झाडांत नाडी अडकू नये म्हणून.

तो निघून गेला तेव्हा मुलगी रांगत होती. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी छाटणीची कात्री खिशात घालून बाहेर पडला तो आलाच नाही. मामांनी पाहिलं होतं त्याला, त्याच वळणावर, एका ट्रकमध्ये चढताना. ठाण्यात मामांनीच तसं सांगितलं आणि पोलिसांनी चौकशी गुंडाळली. कात्री घेऊन गेला म्हणजे कुठंतरी बागेत कामाला लागला असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग पुढं समजावणं संपलं आणि शिव्या सुरू झाल्या.

तेवढ्यात तिचा दीर धावत आला आणि बांधावरूनच बोंब ठोकली. भावाला हिनंच खाल्लं, मी तेव्हापासून सांगतोय, जमिनीसाठी केलं, निम्मी माझी आहे. गाव मागोमाग होतंच. गावाला तमाशा लागतो आणि तो फुकट असला तर जास्तच.

"भाऊ हरवल्याची तक्रार कुणी दिली होती?" बाईंनी विचारलं.

"हिनं."

"तुम्ही शोधलंत?"

"मला वाटलं, येईल."

"आणि निम्मी जमीन आपली, हे कधी वाटायला लागलं?"

दीर गोरामोरा झाला. पण गावानं ठरवायचं ते ठरवलं होतं. वरच्या साहेबांचा फोनही तेवढ्यात आला. बायकोच्या शेतात नवऱ्याची हाडं, अजून काय पाहिजे? आजच अटक दाखवा, उद्या सकाळी कोर्टापुढं उभी करा. बाईंनी दोन शंका काढल्या. साहेब म्हणाले, शंका कोर्ट काढेल.

लिंबूवालीला जीपमध्ये बसवलं. मुलगी जीपमागं रस्त्यापर्यंत चालत आली. रडत नव्हती. तिनं खिडकीशी वाकून बाईंना एवढंच विचारलं, "आज हिला नेताय. उद्या काका घराला कुलूप लावेल. मग मी जाऊ कुठं, तेही सांगा."

जे उत्तर देता येत नाही त्याचा बाईंना राग येतो. त्यांनी जीपचं दार धाडकन लावलं. हवालदारांनी शहाणपणानं नुसती जीप हाकली.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. हाडं पुरुषाची, खूप वर्षांपूर्वीची. मोठी हाडं बहुतेक आहेत. पण एक पाऊल नाही, एक हात मनगटाखाली नाही आणि बारीक हाडं तर जवळजवळ नाहीतच. ओंजळीनं घाईघाईत उचलल्यासारखं वाटतं, डॉक्टर म्हणाले. बुटाचं विचाराल तर आत बोटांपर्यंत करडी कच दाबून बसलीय. वरवरची नाही. बाहेरच्या बाजूला थोडा पिवळा मुरूम लागलाय तेवढाच.

बाईंनी फोन ठेवला आणि मामांना बोलावणं धाडलं. मामा आले, खुर्चीच्या कडेला बसले. बाईंनी आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. हवालदारांना त्याचीच भीती वाटली.

"मामा, तो ट्रकमध्ये चढताना तुम्ही पाहिला होता."

"हो."

"मग शेतात कसा आला?"

मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं. परत आला असेल एखाद्या दिवशी, म्हणाले. घरात काय झालं ते देवाला माहीत. ताईला मी बहिणीसारखी मानतो, तिच्याविरुद्ध बोलायला जीभ वळत नाही.

"वळू नका देऊ. मला तुमच्या कामाचं सांगा. आज मुरूम काढताना काळी माती भरावात गेली का?"

मामांची पाठ पहिल्यांदाच ताठ झाली. "माझ्या कामात? काळी माती रस्त्याखाली गेली की रस्ता बसलाच समजा. उभ्या आयुष्यात मी तिचं ढेकूळ भरावात जाऊ दिलं नाही. यंत्र घातलं की पहिला शब्द माझा तोच असतो, काळी माती बाजूला काढा. आजसुद्धा मी स्वतः उभा होतो. झाडांची मुळंसुद्धा वेचून घेतली. काम झालं की ती परत पसरायची. कुणालाही विचारा."

"विचारते की," बाई म्हणाल्या. "आणि मग तो वळणावरचा खळगा? तोही तुमचाच ना?"

नाल्याचं पाणी लागतं तिथं, मामा पुटपुटले. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि चहा द्यायला सांगितलं. मग मजुरांना बोलावून तेच विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. काळी माती मामांनी जातीनं बाजूला काढून घेतली, एक ढेकूळ चुकून ट्रॉलीत गेलं तर त्यांनी ते हातानं उचलून फेकलं. ट्रॉली भरताना हाड दिसलं का? नाही. यंत्रवाल्यालाही दिसलं नाही. ट्रॉली भरली, मामा एकटेच ती घेऊन वळणाकडं गेले, बाकीचे दुसरी भरायला थांबले.

बाई उठल्या. टोपी डोक्यावर ठेवली. "रस्ता खणायचाय," त्या हवालदारांना म्हणाल्या. "आणि लिंबूवालीला बरोबर घ्या. तिच्या मुलीलाही."

ऊन उतरत होतं तेव्हा मामांसकट सगळे दोन जीप भरून पुन्हा वळणावर होते. भगदाड सकाळसारखंच अर्धवट भरलेलं होतं; एका बाजूनं वाहतूक चालू केली होती. अभियंत्यानं खणायचं म्हटल्यावर दोन्ही हात आडवे केले. सार्वजनिक रस्ता असा खणता येत नाही, बाई. वरची मंजुरी लागते. अर्ज द्यावा लागतो. मग पाहणी होते.

तोफ आता पूर्ण ताकदीनं उडाली. "सकाळी हिच्या शेतात यंत्र घातलंत तेव्हा मंजुरी लागली नाही. फुलावरची झाडं पाडलीत तेव्हा पाहणी झाली नाही. फोनवर मामा म्हणाले पडीक कोपरा आहे, तुम्ही म्हणालात बरं. आणि डांबराला हात लावायचा तर अर्ज? ही गुन्ह्याची जागा आहे. मी खणणार. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करा, शुद्ध भाषेत करा, मी वाचेन. आधी बाजूला व्हा."

अभियंता बाजूला झाला. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी थोडी लाजही वाटली असावी, कारण दगड काढायला पहिला हात त्यानंच लावला. इस्त्री मोडली.

मामांनी रचलेले दगड एकेक करून निघाले. चांगले रचले होते, निघता निघत नव्हते. त्यामागं तुटलेल्या रस्त्याची कड उघडी पडली. वर डांबर, त्याखाली खडी, त्याखाली करड्या कचेचा जाड थर. सगळीकडं तो दगडासारखा घट्ट होता, फक्त एका ठिकाणी भुसभुशीत. हवालदारांनी हातानंच कच ओढली. आधी बुटाची टाच दिसली. मग दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. त्याच्या वर, थोडं अंतर सोडून, बोटांची हाडं, आणि त्यांच्याजवळ गंजलेली छाटणीची कात्री.

लिंबूवाली पुढं झाली. मुलीनं तिला धरलं. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. ते खालीच बसले.

बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. दीर आणि गाव समोर होतेच.

"ऐका सगळे. सकाळी तोंड भरून बोलत होता, आता कान देऊन ऐका. हाडं हिच्या शेतात पुरलेली असती तर कुठं असती? वरच्या काळ्या मातीत. खालचा मुरूम पहारीला दाद देत नाही, तिथं माणूस पुरेल इतकं एकटी बाई खणणार कशी? आणि समजा खणलंच, तर तो खड्डा परत भरताना काळी माती खाली मिसळली असती, भिंतीत डाग दिसला असता. भिंती स्वच्छ आहेत. म्हणजे हाडं शेतात असलीच तर काळ्या मातीत हवीत. ती काळी माती कुठं गेली? बाजूच्या ढिगात. ताडपत्रीखाली. ट्रॉलीत गेला फक्त मुरूम. मग हाडं ट्रॉलीत आली कुठून?"

दीरानं मामांकडं पाहिलं.

"बूट सांगतो कुठून आली ते. बुटात हिच्या शेतातली चिमूटभर माती नाही. बोटांपर्यंत करडी कच आहे, जी या रस्त्याखाली घातलीय. माणूस इथंच होता. मामांनी केलेला रस्ता बसत नाही, पण हा एवढा तुकडा दरवर्षी बसायचा, कारण याच्या खाली पोकळी होती. या पावसात पाणी तिथूनच शिरलं आणि रस्ता फुटला. उजाडताच इथं पहिला माणूस आला तो मामा. त्यांना कडेतून बूट बाहेर आलेला दिसला. दिसलं तेवढं त्यांनी गोणीत भरलं, उरलेलं झाकायला दगड रचले, मग माणसं बोलावली. उरलेलं उद्या निघालं तरी मुरमातून आलं म्हणता यावं, म्हणून हाडांना दुसरं घर पाहिजे होतं. कायदा हाताशी होता. रस्ता तुटला की कुणाच्याही जमिनीत घुसता येतं, विचारावं लागत नाही. माळ जवळ होता, पण माळातून हाडं निघून उपयोग काय? ती निघायला हवी होती बायकोच्या शेतातून. ड्रायव्हरला डिझेलला पाठवलं, ट्रॉली स्वतः घेतली, वाटेत गोणी तिच्यात ओतली. सगळं जमलं होतं."

त्या मामांकडं वळल्या.

"फक्त एक जमलं नाही. सरसकट माती उचलली असती, काळी-पिवळी एक करून, तर मी आज तिला कोर्टात घेऊन गेले असते. पण तुमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. काळी माती बाजूला काढा. खून पचवायला निघालात आणि रस्ता बसू नये याचीही काळजी. काय झालं होतं तेव्हा?"

मामांनी सांगितलं, जमिनीकडं बघत. रस्ता रुंद होत होता. त्यांना मुरूम हवा होता आणि जवळचा चांगला मुरूम त्या बागेखाली होता. नवरा म्हणाला, बाग आहे, कायद्यानं तुम्हाला हात लावता येत नाही, मी वर कळवतो. खरंच होतं ते. पण चार माणसांत तसं ऐकवलं, ते लागलं. संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर तो वळणावर आला आणि पुन्हा वाद झाला. मामा कचेची ट्रॉली ओतायला आले होते. तो कडेच्या चरात उतरून उभा राहिला. काम थांबवा म्हणाला, नाहीतर ओता माझ्यावर.

"मला वाटलं, उडी मारेल बाहेर," मामा म्हणाले.

"आणि नाही मारली तेव्हा? उकरलंत?"

मामांनी टॉवेल मुठीत धरला.

"उकरलंत का, मामा? फावडं होतं ना हातात?"

"नाही," मामा म्हणाले. "लोक जमले असते. नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी सगळीकडं रोलर फिरवला. एवढ्या जागेवरून फिरवायला हात धजला नाही."

"रोलर फिरवायला हात धजला नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "आणि त्याच्या बायकोच्या डोक्यावर त्याचा खून ठेवायला धजला. बहीण म्हणता ना तिला? बेड्या घाला यांना."

मामा जीपकडं जाताना लिंबूवालीसमोर थांबले आणि हात जोडले. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती त्या जागेकडं बघत होती, जिथं रोज तिची टोपली असायची.

"गाड्या हळू होतात म्हणून मी इथंच बसायचे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. "खळगा आहे म्हणून हळू व्हायच्या. याच खळग्यानं पोरगी वाढवली मी. आणि गिऱ्हाईक नसलं की इथंच बसून नवऱ्याला शिव्या घालायचे. मेल्या, कुठं जाऊन मेलास. रोज विचारायचे. तो इथंच होता. ऐकत होता."

मग ती मामांकडं वळली. "तुम्ही रोज इथनं जायचात. लिंबं घ्यायचात माझ्याकडून. मी जास्तीचं एक टाकायचे, मामा आहेत म्हणून."

मामांनी तोंड टॉवेलमध्ये लपवलं. हवालदारांनी त्यांना जीपमध्ये ढकललं, जरा जोरातच.

दीर हळूच मागल्या मागं सटकत होता. बाईंनी त्याला नुसत्या नजरेनं थांबवलं आणि सांगितलं की घराच्या कुलपाला हात लावलास तर पुढची जीप तुझ्यासाठी. गाव माना खाली घालून उभं होतं. सकाळी ज्यांचे आवाज सगळ्यात मोठे होते ते सगळ्यात मागं गेले होते.

लिंबूवाली रस्त्यात उतरली आणि डांबरावर बसली. चालू असलेल्या बाजूच्या बरोबर मधोमध. मुलगी तिच्या शेजारी बसली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एक ट्रक येऊन थांबला, त्यामागं दुसरा. हॉर्न सुरू झाले.

अभियंता चाचरत पुढं आला. "बाई, सार्वजनिक रस्ता असा अडवता येत…" तो बाईंना म्हणायला लागला आणि वाक्य अर्ध्यावर त्यानंच सोडलं. मग वळून ट्रकवाल्याकडं गेला आणि त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

बाईंनी दुसऱ्या जीपच्या ड्रायव्हरला खूण केली आणि जीप रस्त्यावर आडवी लावून घेतली.

"कुठल्या कायद्यानं, ते मी मागाहून कळवते," त्या म्हणाल्या. "तोवर रस्ता बंद आहे."